खरे सांगणाऱ्याचे रक्षण

(राहुरी येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



राहुरी ही शेतकऱ्यांची भूमी आहे आणि १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ते मुख्यालय आहे. त्यामुळे विषाणूचा ‘नवा प्रकार’ म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी येथील माणसाला फार दूर जाण्याचे कारण नाही. गव्हावरचा तांबेरा त्याने पाहिलेला असतो. तांबेऱ्याला दाद न देणारे वाण संशोधक परिश्रमपूर्वक तयार करतात, ते काही वर्षे उत्तम साथ देते आणि एखाद्या हंगामात बुरशीचा नवा प्रकार उद्भवून तेच वाण रोगाला बळी पडते. १९९८ साली युगांडात खोडावरील तांबेऱ्याचा असाच एक प्रकार आढळला. ‘यूजी ९९’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या प्रकाराने जगभरच्या गहू संशोधकांची झोप उडवली होती. तथापि, वाण पडले म्हणून कोणत्याही शेतकऱ्याने बी पेरणे सोडले नाही. नवे वाण आले, पेरणी सुरू राहिली आणि शेतावरची नजर अधिक सावध झाली.

विषाणूचेही तसेच आहे. तो रुग्णाच्या शरीरात आपल्या असंख्य प्रती काढतो आणि प्रत काढताना चुका होतात. बहुतेक चुका निरुपयोगी ठरतात. एखादी चूक मात्र त्याला अधिक वेगाने पसरण्याचे बळ देते. म्हणजे प्रत्येक नवा रुग्ण ही विषाणूला मिळालेली नवी संधी असते. रुग्ण जितके कमी, तितक्या त्याच्या संधी कमी. निर्बंध आणि लस या दोन्हींमागचा विचार एवढाच आहे. निर्बंधांमुळे थोडा अवधी मिळतो आणि त्या अवधीत लस घराघरांत पोहोचवायची असते.

हे इतके सरळ असताना माणसे रोग का लपवतात? निर्बंध का चुकवतात? लस का नाकारतात? अज्ञान हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. महाराष्ट्राचा गेल्या सव्वाशे वर्षांचा अनुभव वेगळेच काही सांगतो. जेथे खरे बोलणाऱ्याला शिक्षा होते, तेथे समाज रोग लपवू लागतो आणि लपवलेला रोग घर, गल्ली, गाव असे सर्व काही गिळत जातो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला आणि त्याने सरकारच्या हाती जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. पुण्यात रँड या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गोऱ्या सोजिरांनी घरे तपासली. माजघर आणि देवघर यांचाही मुलाहिजा राहिला नाही. सामान जाळले गेले, रुग्णांना उचलून इस्पितळात आणि आप्तांना छावणीत नेले गेले. परिणाम काय झाला? घरात कोणाला ताप आला की तो लपवण्याकडे लोकांचा कल झाला. रोग शोधण्यासाठी निघालेल्या राजसत्तेनेच रोगाला लपायला जागा करून दिली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, त्यामागे हा अपमान होता.

त्याच पुण्याने त्याच वर्षी दुसरा मार्गही पाहिला. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी शहराबाहेर हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना चालवला. प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी तेथे आणले, त्यातून त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून सरकारी जुलमावर कोरडे ओढले, पण हिंदू समाजासाठी प्लेगचे इस्पितळ उभे करण्यातही ते पुढे होते. जुलमाला विरोध आणि उपचाराला सहकार्य ही दोन्ही कर्तव्ये एकाच माणसाला पार पाडता येतात, हे त्यांनी कृतीने दाखवले.

प्लेगने कोणाचेही घर सोडले नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे वडील दामोदरपंत १८९९ साली प्लेगनेच गेले. डॉ. केशव बळिराम हेडगेवार लहान असताना त्यांचे आई-वडील नागपुरातील प्लेगमध्ये एकाच दिवशी निवर्तले. राष्ट्रकार्याचा वारसा सांगणाऱ्या प्रत्येकाने साथीचा विचार गांभीर्याने करावा, याला हे एवढे कारणही पुरेसे आहे.

लशीची कथाही याच काळात सुरू होते. ओडेसा येथे जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील तोकड्या जागेत प्लेगची लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि मगच ती इतरांपुढे ठेवली. तिसऱ्या आगाखानांनीही अनुयायांची भीती घालवण्यासाठी सर्वांदेखत ती लस टोचून घेतली. ज्याच्यावर श्रद्धा आहे, त्याने आधी स्वतःचा दंड पुढे केला की लोक पुढे येतात.

पण याच हाफकिन यांच्या वाट्याला जे आले, ते विसरता येत नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळा दोष हाफकिन यांच्या माथी मारण्यात आला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. ती बाटली गावात उघडताना निर्जंतुकीकरणात हलगर्जी झाली असण्याची शक्यता पुढे समोर आली. त्यांच्यावरचा ठपका पुसला जायला १९०७ साल उजाडले. एका बाटलीच्या दोषासाठी सबंध लशीला बदनाम करायचे नाही आणि लशीची प्रतिष्ठा राखण्यासाठी ते १९ मृत्यू झाकायचेही नाहीत, असा दुहेरी बोध त्यात आहे. मुंबईतील त्या संस्थेला १९२५ साली हाफकिन यांचेच नाव देण्यात आले.

करोनाच्या काळात हीच माणसे नव्या नावांनी पुन्हा भेटली. मार्च २०२० मध्ये अनेक गावांनी वेशीवर काटेरी फांद्या आणि बैलगाड्या आडव्या लावल्या. मुंबई-पुण्याला पोटासाठी गेलेला आपलाच भाऊ परत आला तर त्याला गावात घेऊ नये, असे ठराव झाले. गावाची भीती खोटी नव्हती. पण ज्याच्याकडे बोट दाखवले जाईल, तो खोकला दाबून ठेवणार आणि रात्रीच्या अंधारात आडवाटेने घरी येणार, हे उघड होते.

गावाचे जे झाले तेच जगाचे झाले. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातील नमुन्यांत दोन बदल एकत्र असलेला विषाणू आढळल्याचे जाहीर केले. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याला ‘भारतीय’ ठरवून टाकले. देशात साहजिकच रोष उमटला. अखेर ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने प्रकारांना ग्रीक अक्षरांची नावे दिली आणि त्याच्या एका उपप्रकाराचे नाव ‘डेल्टा’ झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी ‘ओमायक्रॉन’ची माहिती तत्परतेने जगाला दिली. त्याबद्दल त्यांच्या पदरी काय पडले? काही दिवसांतच अनेक देशांनी त्यांची विमाने बंद केली. विषाणू मात्र थांबला नाही. ४ डिसेंबर २०२१ रोजी डोंबिवलीत महाराष्ट्रातील पहिला रुग्ण नोंदवला गेला. प्रवासबंदीने थोडा अवधी मिळतो, हे खरे. पण खबर देणाऱ्या देशाला वाळीत टाकले, तर पुढच्या वेळी खबर देण्यापूर्वी प्रत्येक देश दहादा विचार करील. ‘भारतीय’ विषाणू हा शब्द ज्याला झोंबला, त्याने आपल्या गल्लीतील रुग्णाच्या घरालाही तसे नाव चिकटवू नये.

अहिल्यानगर जिल्ह्याने, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याने, या काळात दोन्ही वाटा जवळून पाहिल्या. दुसरी लाट इतरत्र ओसरली तरी येथे रुग्ण सापडतच राहिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये, ऐन नवरात्राच्या तोंडावर, ६१ गावांत प्रशासनाला कडक टाळेबंदी लावावी लागली. व्यापाऱ्यांचा, भाविकांचा, शाळकरी मुलांच्या पालकांचा त्रागा समजण्यासारखा होता. याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने मात्र त्यापूर्वीच, मे २०२१ मध्ये, करोनामुक्तीचा मान मिळवला होता. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावातील पथके घरोघर गेली, लक्षणे असलेल्यांची तपासणी झाली, बाधितांचे विलगीकरण झाले. दारात आलेला माणूस ओळखीचा होता आणि तो धाक दाखवायला आलेला नव्हता, म्हणून आजार लपवण्याचे कारण उरले नाही. पाणलोटाच्या कामातून वर्षानुवर्षे साठवलेला विश्वास तेथे कामी आला.

शेतकऱ्याला याहून जवळचा दाखला हवा असेल तर तो त्याच्या गोठ्यातच आहे. ऑगस्ट २०२२ पासून राज्यात लम्पी त्वचारोगाने गोवंशाला घेरले. नगर जिल्ह्यालाही त्याची मोठी झळ बसली. गुरांचे बाजार बंद झाले, जनावरांची ने-आण थांबली, दुधाविषयी अफवा उठल्या. हा रोग माणसाला होत नाही, तो प्रामुख्याने माश्या, डास, गोचीड यांच्यामुळे पसरतो, हे लोकांना पटवून द्यावे लागले. शासनाने शेळ्यांच्या देवीवरील लस गोवंशाला मोफत टोचली. दगावलेल्या दुभत्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपयांचे साहाय्य जाहीर झाले. या साहाय्याचे मोल केवळ पैशात नाही. रोग कळवला तर आपण बुडणार नाही, एवढी हमी मिळाली की शेतकरी स्वतः पशुवैद्यकाला फोन करतो. गाईला लस टोचून घेण्यासाठी पहाटेपासून गोठ्यात थांबणारा तोच गोपालक स्वतःच्या नातवाची लस मात्र ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून टाळत असेल, तर त्याला अडाणी म्हणून हिणवण्याआधी विचारावे: गोठ्यात जी हमी मिळाली, ती दवाखान्यात मिळाली का? लस घेतल्यावर मूल तापले, दोन दिवसांची मजुरी बुडाली, तर कोण विचारपूस करते?

लशीविषयी शंका घेणारा प्रत्येक जण समाजाचा शत्रू नसतो. कोव्हिशिल्डमुळे क्वचित रक्तात गुठळ्या होऊ शकतात, हे २०२१ मध्येच नोंदवले गेले होते. त्या वर्षी मे महिन्यात केंद्रीय समितीने दिलेल्या अहवालात हे प्रमाण दहा लाख मात्रांमागे एकाहूनही कमी होते. २०२४ साली ब्रिटनमधील न्यायालयीन कागदपत्रांतून तीच गोष्ट पुन्हा गाजली, तेव्हा अनेकांना ती नव्याने कळली आणि फसवले गेल्याची भावना झाली. आकडा लहान होता, पण तो वेळेवर, मायबोलीत, घरातल्या ओसरीवर बसून कोणी सांगितला नव्हता. खरे सांगितले तर लोक घाबरतील, या समजुतीने जे झाकले जाते, तेच पुढे अफवेच्या रूपाने परत येते.

याची किंमत बालके मोजतात. करोनाकाळात मुलांचे नियमित लसीकरण मागे पडले आणि २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव येथे गोवराने डोके वर काढले, बालके दगावली. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना रोग देऊ शकतो. तो रोखायचा तर शंभरातील ९५ मुलांना दोन्ही मात्रा मिळायला हव्यात. एखाद्या वस्तीत लस नाकारली गेली तर त्या वस्तीकडे जात-धर्माच्या चष्म्यातून पाहून काही साधत नाही. १८९७ च्या पुण्यात रोग लपवणारे सुशिक्षित, सोवळ्यातले लोकही होते. संशय ही कोणा एका समाजाची मिरासदारी नव्हे.

दरवर्षी गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून आणि पाथर्डी-शेवगावच्या बाजूने ऊसतोड मजुरांचे तांडे या भागातील कारखान्यांकडे येतात. फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. त्या कोप्यांतील मुलाची लस गावी राहिलेली असते आणि येथे त्याचे नाव कोणाच्याच यादीत नसते. कार्यकर्त्याला करण्यासारखे काम येथे आहे. कोपीवर जावे, मुलांची नावे लिहावीत, आशाताईंना घेऊन जावे, लशीनंतर ताप येऊ शकतो हे आधीच सांगावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन मूल कसे आहे हे विचारावे. ही दुसऱ्या दिवशीची फेरी सर्वांत महत्त्वाची आहे. पहिल्या दिवशी सरकारही येते. दुसऱ्या दिवशी केवळ आपला माणूस येतो.

नवे विषाणू येतील, नवे प्रकार येतील, पुन्हा केव्हा तरी वेशी बंद होतील. त्या दिवशी ‘माझ्या घरात ताप आहे’ असे जो प्रथम सांगेल, त्याच्या दारात दूध, किराणा आणि औषध आधी पोहोचले पाहिजे. एवढा नियम प्रत्येक गावाने आजच स्वतःला घालून घ्यावा. ज्या समाजात खरे सांगणारा एकटा पडत नाही, त्या समाजात रोगाला लपायला जागा उरत नाही.