मैदानावरचा घाम

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात दाखल झालेल्या तरुणाचा दिवस पहाटेच सुरू होतो. शारीरिक कवायत, संचलन, नेमबाजी आणि पाठीवर ओझे घेऊन दूरची चाल. क्षणाचा विलंबही तेथे खपत नाही. एवढी कठोरता कशासाठी, असे घरी मातेला वाटणे स्वाभाविक आहे.

उत्तर इटलीतील सेनिओ नदीकाठी सापडते. ९ एप्रिल १९४५ रोजी याच रेजिमेंटचा शिपाई नामदेव जाधव नदी ओलांडत असता, त्याची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात जवळजवळ नष्ट झाली. दोघा जखमी सोबत्यांना त्याने एकेक करून, खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित स्थळी नेले. मग शत्रूच्या मोर्च्यांवर तो एकटाच तुटून पडला. हात जखमी होताच बंदूक टाकून त्याने हातबॉम्ब उचलले. अखेर बांधावर उभे राहून त्याने मराठ्यांची रणगर्जना केली व मागील तुकड्यांना पुढे बोलाविले. या पराक्रमाबद्दल त्यास व्हिक्टोरिया क्रॉस लाभला.

सोबत्यासाठी सुरुंगांतून दुसऱ्यांदा जाण्याचे धैर्य ऐनवेळी उसने मिळत नाही. ते रोजच्या घामातूनच अंगी मुरते. मुलांना कष्टांपासून जपणाऱ्या घरांनी याचा अवश्य विचार करावा.