रकाना कुणाचा? सैनिकाच्या मुलीचा, पत्नीचा की सैनिक बाईचा?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



खंड पडल्यावर पुन्हा शिक्षणाकडे वळणाऱ्या बायांविषयी आपण सकाळपासून बोलतो आहोत. त्यात एक बाई सहसा आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. लष्करातली नोकरी संपवून आलेली आणि आता डॉक्टर व्हायचं म्हणणारी. आज मी तिच्याविषयी बोलणार आहे.

आमच्या सल्ला केंद्रात अशी एक जण आली. वय ३४. मिलिटरी नर्सिंग सेवेत शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर पाच वर्षं काढलेली. पदरी एक मुलगी, नवऱ्याचा आधार नाही, पेन्शनही नाही, कारण एवढ्या सेवेवर पेन्शन बसत नाही. तिला एमबीबीएसचा अर्ज भरायचा होता. त्यातल्या 'संरक्षण दल' या रकान्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "ताई, हा रकाना माझा, की माझ्या मुलीचा?"

नियम काढून वाचले. रकाना मुलीचाच निघाला.

वैद्यकीय आणि इतर अभ्यासक्रमांतल्या या सवलतीसाठी संरक्षण मंत्रालयानं २०१८ मध्ये प्राधान्य यादी ठरवली. तिच्या नऊ पायऱ्या आहेत. युद्धात कामी आलेल्यांच्या विधवा आणि पाल्य यांच्यापासून ती सुरू होते आणि सेवेतल्या सैनिकांच्या पत्नींपाशी संपते. यादीत विधवा आहेत, पाल्य आहेत, पत्नी आहेत. ज्यानं किंवा जिनं नोकरी केली, तो माणूस स्वतः नाही. महाराष्ट्रातल्या संरक्षण दलाच्या राखीव जागाही पाल्यांसाठीच आहेत. पंतप्रधान शिष्यवृत्तीत २०१९ मध्ये मुलींसाठी दरमहा ३००० रुपये ठरले, पण तीही पाल्यांना आणि विधवांना.

गैरसमज नको. विधवांना आणि मुलांना जे मिळतं ते मिळालंच पाहिजे, त्यातलं काही काढून घ्या असं मी म्हणत नाही. माजी सैनिक पुरुषालाही या यादीत स्वतःसाठी जागा नाही, हेही खरं. पण ही यादी कुठल्या चित्रावरून काढली ते पाहा. सैनिक म्हणजे पुरुष. तो शिकून झालेला, कमावता. शिकायचं ते त्याच्या मुलांनी, आणि आधार द्यायचा तो त्याच्या बायकोला. म्हणून यादीत 'पत्नी' आहे, 'पती' नाही. 'विधवा' आहे, 'विधुर' नाही. बाईला या दारातून आत यायचं असेल, तर कुणाची तरी कुणीतरी होऊन यावं लागतं. स्वतःच्या सेवेच्या बळावर तिला येता येत नाही.

अमेरिकेत २००८ साली झालेल्या कायद्यानं माजी सैनिकाला ३६ महिन्यांपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च मिळतो, आणि तो हक्क आधी त्याच्या किंवा तिच्या स्वतःच्या नावावर असतो. ठराविक अटींवर तो जोडीदाराला किंवा मुलांना देता येतो. त्या देशाच्या युद्धांविषयी आपलं मत काहीही असो, हक्काचा क्रम तिथे सरळ आहे.

आपल्याकडे तर परवापर्यंत दारच बंद होतं. २०१७ पासून नीट परीक्षेला वयाची कमाल अट २५ होती, राखीव प्रवर्गांना ३०. नोकरी करून बाहेर पडलेली बाई त्यात बसणार कशी? प्रकरण न्यायालयात गेलं आणि अखेर २०२२ मध्ये ती अट काढली गेली. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात मात्र वयाची अट आहेच, वर अविवाहित असण्याचीही आहे.

आणखी एक कागद. प्रवेशाच्या वेळी 'शिक्षणात खंड' पडल्याचं प्रतिज्ञापत्र मागतात. रात्रंदिवस जखमी जवानांची शुश्रूषा केली, ती वर्षं कागदावर खंड! घर सांभाळण्यात गेलेली आपली वर्षंही अशीच 'खंड' म्हणून नोंदली जातात, नाही का?

शब्द बदलता येतात, हे न्यायालयांनी दाखवलं आहे. सैनिकाच्या मुलीचं ओळखपत्र तिच्या लग्नानंतर नाकारणारा नियम कर्नाटक उच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये रद्द केला, आणि इंग्रजी नियमांतल्या 'एक्स-सर्व्हिसमेन' या पुरुषवाचक शब्दावरही बोट ठेवलं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पंजाबच्या नोकरभरतीतल्या एका खटल्यात सांगितलं, की नर्सिंग सेवेतली अधिकारी ही माजी सैनिकच. एवढी साधी गोष्ट, तिच्यासाठी बाईला दिल्लीपर्यंत जावं लागलं!

काही मैत्रिणी विचारतील, युद्धाला आपला विरोध, मग लष्करातल्या बाईसाठी आपण का झगडायचं? हा वाद आपण जरूर घालू. पण ती बाई लष्करातून बाहेर आली आहे आणि तिला माणसं बरी करायची आहेत. शिवाय अग्निवीर योजनेत मुलीही भरती होत आहेत. चार वर्षांनी बहुतेक जणी ऐन पंचविशीच्या आत बाहेर पडतील, आणि योजनेच्या मूळ अटींनुसार त्यांना माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्या आपल्याच वस्तीत परतणार आहेत.

आमच्याकडे आलेल्या बाईनं खुल्या जागेसाठी अर्ज भरला. पहिल्या वर्षी सरकारी महाविद्यालयापुरते गुण मिळाले नाहीत आणि खाजगीची फी झेपणारी नव्हती. आता दिवसा एका दवाखान्यात नोकरी करून ती रात्री अभ्यास करते. तिच्या मुलीला संध्याकाळी आमच्या गटातल्या दोघी आळीपाळीनं सांभाळतात.

तेव्हा कामं दोन. पहिलं, मागणीचं: प्राधान्य यादीत 'माजी सैनिक स्वतः' ही पायरी हवी, 'पत्नी'च्या जागी 'जोडीदार' हवा, आणि सेवेच्या वर्षांना 'खंड' म्हणणं थांबायला हवं. त्यासाठीचं निवेदन आपापल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या, प्रत मंत्रालयाला पाठवा. दुसरं, हाताशी असलेलं: अशी बाई आली तर तिचे सेवामुक्तीचे कागद, अधिवास दाखला, बारावीची गुणपत्रिका आधी तपासा. बारावीला जीवशास्त्र नसेल तरी तिला परत पाठवू नका. नंतर जादा विषय म्हणून ते देऊन नीटला बसायला २०२३ पासून वाट खुली झाली आहे.

आणि तिचं मूल कोण सांभाळणार, हा प्रश्न तिनं विचारण्याआधी आपण विचारा. पुष्कळशा अर्जांचं गाडं तिथेच अडतं.