ज्याचं अंग, त्याची वही

(पुण्यात कामगार-तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी इथं कवी म्हणून आलेलो नाही. कविता खिशात आहे, आज ती खिशातच राहू द्या. मी मुंबईच्या गोदीत माल उतरवणारा माणूस. दहावी शिकलोय. पुण्याला समुद्र नाही, मग गोदीवाल्याला कशाला बोलावलं, असं काही जणांच्या मनात असेल. पण पोतं जहाजातलं आहे का मार्केट यार्डातलं, हे मणक्याला कळत नाही. मणका दोन्हीकडं सारखाच मोडतो.

तुम्ही पुणे परिसरातल्या कष्टकऱ्यांसाठी सुरक्षा आणि आरोग्याचं मंडळ काढताय. नाव काय ठेवायचं, अध्यक्ष कोण, घटना कशी लिहायची, यावर मघापासून चर्चा चाललीय. मला एकच गोष्ट सांगायचीय. मंडळ खुर्चीवर चालत नाही, वहीवर चालतं. कुणाला लागलं, कुठं लागलं, कशानं लागलं, हे लिहिणारी वही ज्याच्या ताब्यात, मंडळ त्याचं. बाकी सगळा चहापाण्याचा खर्च.

सुरक्षेची मंडळं या देशात नाहीत असं नाही. केंद्राच्या श्रम मंत्रालयानं ४ मार्च १९६६ ला राष्ट्रीय सुरक्षा परिषद काढली. महाराष्ट्रात तिची शाखा आहे. कागदावर सरकार, मालक आणि कामगार संघटना असे तिघंही तिच्यात आहेत. दरवर्षी ४ मार्चला कारखान्यांच्या गेटावर हिरवे-पांढरे झेंडे लागतात, शपथ होते, घोषवाक्यांची स्पर्धा होते. ज्या कारखान्यात अपघात कमी त्याला बक्षीस. मी त्या कामाला नावं ठेवत नाही. तिथं शिकलेल्या माणसांनी पुष्कळ जीव वाचवले असतील. पण मला एक विचारायचंय. अपघात कमी झाले हे ठरवायचं कुणी? कारखान्यानं भरलेल्या तक्त्यानं. आणि कंत्राटदाराचा माणूस त्या तक्त्यात असतो का? जो मस्टरवर नाही त्याचं बोट तुटलं, तर ते बोट कुणाच्या हिशोबात धरायचं?

उरवडे आठवा. मुळशी तालुका, पिरंगुटजवळ. ७ जून २०२१. पाणी शुद्ध करायच्या क्लोरिन डायऑक्साइडच्या गोळ्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. १७ जीव गेले, त्यात बहुतेक बाया. भिंती फोडून प्रेतं काढावी लागली. ससूनमध्ये ओळख पटेना, डीएनए तपासायची पाळी आली. मुळशीच्या गावातली बाई सकाळी डबा घेऊन कामाला जाते आणि संध्याकाळी तिचं नाव रक्तमांसाच्या तपासणीतून शोधावं लागतं. अडीच वर्षांनी, ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात तेच. वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणाऱ्या शेडला आग लागली, त्याच दिवशी सहा बाया गेल्या. पुढं दवाखान्यात आणखी गेल्या. केक कापणाऱ्याला कधी कळतं का, की ही ठिणगी कुणाच्या हातून आली?

त्या आधीची यादीही याच शहरातली आहे. डिसेंबर २०१६, कोंढव्यातली बेकरी. सहा कामगार आत झोपलेले, बाहेरून कुलूप. मे २०१९, उरुळी देवाचीतलं साड्यांचं दुकान. पाच पोरं आत, बाहेरून कुलूप. मालकाला कपड्याच्या चोरीची धास्ती असते. माणूस चोरीला जात नाही, म्हणून त्याला कोंडून ठेवता येतं. मार्च २०२२, लोणी काळभोरजवळ कदमवाक वस्ती. मैल्याची टाकी साफ करायला उतरलेले चार जण गुदमरले. टाकीत कोण उतरतो, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. कारखान्यात बिनपदवीचा माणूस धोक्याच्या जागी उभा राहतो. गटारात मात्र जात उभी राहते. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अशा मरणाला १० लाख भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. मरणाचा भाव वाढला. उतरवणं बंद झालं नाही.

आता माझ्या गोदीचं सांगतो. १४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांचा त्रेपन्नावा वाढदिवस. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं तेव्हा त्यांच्याकडं होतं. त्या दुपारी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टायकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं, एकाच जहाजात. स्फोटकं असली की लाल बावटा लावायचा, तो लावलेला नव्हता. आसपासच्या जहाजांवर मजूर माल चढवत-उतरवत होते. शेजारी काय जळतंय ते त्यांना कुणी सांगितलं नाही. चारच्या सुमाराला जहाज उडालं. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ दर १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात. त्यांना माझा सलाम. पण एकूण मेले किती? कुणी ८०० सांगतो, कुणी १,३०० सांगतो. म्हणजे चार-पाचशे माणसं अंदाजाच्या फटीत पडली. ती कोण असतील? ज्यांचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं ती.

म्हणून म्हणतो, आधी वही.

आमच्या टोळीतला प्रसंग सांगतो. एकाचा हात स्टीलच्या कॉइल आणि जहाजाची कड यांच्यात सापडला. दोन बोटं गेली. कंत्राटदाराच्या माणसानं दवाखान्याच्या कागदावर 'घरी पडला' असं लिहवलं. आम्ही त्याच संध्याकाळी शाळकरी वही काढली. तारीख, वेळ, किती तास सलग काम चाललं होतं, क्रेन कुठली, इशारा देणारा माणूस होता का नव्हता, उजेड किती होता. खाली पाहणाऱ्या चौघांच्या सह्या, एकाचा अंगठा. कविता लिहायला मला आठ दिवस लागतात, हे अर्ध्या तासात झालं. पुढं भरपाईचं भांडण चाललं, तेव्हा सायबाच्या टेबलावर कंत्राटदाराचा कागद आणि आमची वही शेजारी-शेजारी पडली. पैसे मिळाले. बोटं नाही मिळाली.

भोसरी-चाकणच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. पॉवर प्रेसखाली बोटं जातात. 'सेफ इन इंडिया' नावाची संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या अशा जखमींचे अहवाल काढते. त्यात एक गोष्ट पुन्हापुन्हा येते. पुष्कळांना ईएसआयचं कार्ड मिळतं ते अपघात झाल्यानंतर. बोट तुटल्यावर माणूस कागदावर जन्माला येतो!

कायदा आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ च्या एका रात्रीत हजारो मेले, तेव्हा १९८७ मध्ये कारखाना कायद्यात कलमं घातली. धोक्याचा माल असेल त्या प्रत्येक कारखान्यात सुरक्षा समिती, आणि तिच्यात निम्मे कामगार. ही कलमं भोपाळच्या फुप्फुसांनी विकत घेतली होती. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता लागू झाली. तिच्यात सुरक्षा अधिकारी साध्या कारखान्याला ५०० कामगारांवर, धोक्याच्या प्रक्रियेला २५० वर. सुरक्षा समिती सरकारच्या हुकमावर. विजेवर चालणारा कारखाना पूर्वी १० माणसांचा धरत, आता २० चा. आता सांगा, उरवडे, तळवडे, ती बेकरी, ते साड्यांचं दुकान, यांतल्या कुठल्या ठिकाणी अडीचशे माणसं होती? आपली माणसं मरतात ती लहान शेडमध्ये. आणि सुरक्षा अधिकारी बसतो मोठ्या कारखान्यात. त्या मधल्या रिकाम्या जागेत तुमचं मंडळ उभं राहायला पाहिजे.

हे जगात कुणी केलं नाही असं नाही. अमेरिकेत मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ ला पावसापासून आडोसा म्हणून दोन काळे सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीत शिरले. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर. दाबयंत्र चालू झालं, दोघं चिरडले. ते कायम नोकरीत नव्हते, म्हणून भरपाईचा कायदा त्यांना लागू नव्हता. ऐकल्यासारखं वाटतंय ना? तेराशे कामगार संपावर गेले. गळ्यात पाटी, 'मी माणूस आहे'. त्यांच्या पाठीशी उभे राहायला आलेले मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिलला तिथंच गोळीला बळी पडले. पुढं १९७२ मध्ये शिकागोत कामगार, डॉक्टर, वकील यांनी मिळून विभागाची सुरक्षा समिती काढली. तिचं पाहून दुसऱ्या शहरांत निघाल्या.

लांब कशाला जा? पुण्यातच बघा. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं पोत्याचं वजन हा लढ्याचा मुद्दा केला. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणं म्हणजे मर्दुमकी, ही खुळी समजूत मोडली आणि पोतं ५० किलोवर आणायला लावलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ मध्ये ५५ किलोची शिफारस केली होती, म्हणजे आपला अंगठेबहाद्दर हमाल जिनिव्हाच्या पाच किलो पुढं गेला. १९६९ चा माथाडी कायदा अशाच लढ्यांतून आला. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. बहुतेक दलित बाया. त्यांनी आपल्या कामाचा हिशोब मांडला, आमच्यामुळं महापालिकेचा किती पैसा वाचतो ते दाखवलं, आणि महापालिकेला आरोग्य विम्याचा हप्ता भरायला लावलं. २०१३ मध्ये त्यांनी कचऱ्यात उघडे येणारे सॅनिटरी पॅड गोळा करून बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले. तुमचा माल, तुम्ही हात लावून बघा! सुरक्षेचं याहून चांगलं भाषण मी ऐकलेलं नाही.

आता चालवायचं कसं. माझ्या डोक्यात आहे ते सांगतो, पटलं तर घ्या.

सभासद माणूस असेल, कंपनी नाही. महिन्याला दहा रुपये. मालकाकडून, कंत्राटदाराकडून, नगरसेवकाकडून एक पैसा घ्यायचा नाही. ज्याचा मंडप त्याची घोषणा, हे आपण जयंतीला पाहतोच.

प्रत्येक वस्तीत एक वही. पिरंगुटची वेगळी, भोसरीची वेगळी, मार्केट यार्डाची, बांधकामाच्या झोपड्यांची, सफाईची वेगळी. अपघात झाल्यापासून चोवीस तासांत नोंद. जो थोडक्यात वाचला त्याचीही नोंद, कारण आज डोक्याशेजारी पडलेली वीट उद्या डोक्यावर पडते. नुसते अपघात नकोत. खोकला लिहा, बहिरेपण लिहा, पाठ लिहा, पाळीच्या दिवसांतला त्रास लिहा. हे शेवटचं पुरुषांच्या हातून लिहून होणार नाही, म्हणून निम्म्या वह्या बायांच्या हातात. आणि बैठक रात्री नऊला ठेवाल तर बाया येणार नाहीत, हेही ध्यानात धरा.

नोंद करणाऱ्याचं नाव बाहेर जाता कामा नये. दुसऱ्या दिवशी त्याला गेटावरून परत पाठवतील. तक्रार मंडळाच्या नावानं जाईल, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडं जाईल, पोच घेऊनच माणूस जिना उतरेल. डॉक्टर, वकील मित्र जोडा, त्यांच्याकडून शिका. पण मत देण्याचा हक्क फक्त कामावर जाणाऱ्याला. पदाधिकारी दर वर्षी बदला. ज्या दिवशी अध्यक्षाला शाल-श्रीफळ मिळेल त्या दिवशी त्याचा राजीनामा घ्या.

आणि वर्षातून एकदा, ४ मार्चलाच, वह्यांची बेरीज करून ती चौकात वाचून दाखवा. गेटाच्या आत बक्षीस वाटू द्या. गेटाबाहेर तुम्ही नावं वाचा. गेलेल्यांची घरच्यांना विचारून, जिवंत असलेल्यांची त्यांना विचारून. कुणी नको म्हटलं तर फक्त काम आणि तुटलेलं अंग वाचा.

मी येताना सहा वह्या आणल्यात, दोनशे पानी. जास्त परवडल्या नाहीत. नाव ठरवायचं राहिलं असेल तर राहू द्या. पिरंगुट आणि भोसरीहून आलेल्यांनी आधी हात वर करा, एकेक वही घ्या, आणि गेल्या महिन्यात तुमच्या शेडमध्ये काय झालं ते पहिल्या पानावर इथंच बसून लिहा. मी पेन देतो.