खेतडीचे तांबे : गाळातले की पाताळातले?



आज येथे येताना मी मुद्दाम जुन्या नाशकातून, तांबट लेनवरून वळसा घेऊन आलो. पूर्वी त्या बोळात शेजाऱ्याशी बोलायचे तरी आवाज चढवावा लागे, इतके ठोके चालत, असे वडीलधारी मंडळी सांगतात. आता ठोके मोजके झाले आहेत. एक वृद्ध कारागीर घागरीच्या पोटाला मठार देत बसले होते. मी त्यांना विचारले, ‘काका, हे तांबे कोठले?’ ते मान वर न करता म्हणाले, ‘पत्रा मुंबईचा आणि मोड गिऱ्हाइकाची.’ उत्तर खरे होते. पण मुंबईला तरी तांब्याची खाण कोठे आहे? आजच्या व्याख्यानाचा विषय मला तेथेच मिळाला असे समजा.

आपल्या पायाखालचा काळा फत्तर हा सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा. त्यात तांबे मुळीच नाही असे नव्हे, परंतु ते दहा हजार भागांत एखाददुसरा भाग इतके विखुरलेले आहे. ते काढायला जाणाऱ्याला घागरीपेक्षा जळणच महाग पडेल. महाराष्ट्रात तांब्याचे खनिज आढळते ते हा काळा फत्तर जेथे संपतो त्या पूर्वेच्या टोकाला. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना येथे आणि नागपूर जिल्ह्यात पुलर-परसोडी येथे. नाशिकच्या भांडीबाजाराला त्यांचा उपयोग कधी झाला नाही.

आणि तरीही तांबे या भागात तीन हजार वर्षांपूर्वी होते. १९५०-५१ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी आपल्या नाशकात आणि संगमनेरजवळच्या जोर्वे येथे उत्खनन केले. जोर्व्याला प्रवरेच्या काठी तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली. पुढे १९७४ साली त्याच प्रवरेच्या काठी दायमाबादला बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार मूर्ती निघाल्या. चारींचे वजन मिळून साठ किलोंच्या वर! ज्या प्रदेशात खाण नाही तेथे साठ किलो धातू मूर्तींत घालणारे लोक होते, म्हणजे तो कोठून तरी येत होता. अभ्यासकांचे बोट बहुधा राजस्थानाकडे वळते. याबद्दल वाद आहे आणि तो असावा. धातू एकदा वितळला की आपले गाव विसरतो. पण ज्या डोंगरांकडे हे बोट वळते, ते डोंगर मी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी बोलतो.

राजस्थानच्या झुंझुनू जिल्ह्यात, अरवलीच्या उत्तर टोकाला सिंघाण्यापासून रघुनाथगडापर्यंत सुमारे ऐंशी किलोमीटर लांबीचा एक पट्टा आहे. खेतडी हे त्यातले प्रमुख गाव. स्वामी विवेकानंदांचे स्नेही राजे अजितसिंह यांचे संस्थान ते हेच. मदन, कुदन, कोलिहान, चांदमारी, अकवाली, सातकुई अशी खाणींची नावे या पट्ट्यात ओळीने येतात. येथला खडक म्हणजे मूळची समुद्रातली वाळू आणि चिखल. दीडशे कोटी वर्षांहून जुना हा गाळ पुढे दाबाने आणि उष्णतेने भाजून निघाला. वाळूचा कठीण गारेचा खडक झाला आणि चिखलाचा पापुद्रे सुटणारा पाटीसारखा खडक झाला. खालच्या थरांना भूशास्त्रज्ञ अलवार म्हणतात, वरच्यांना अजबगड. या दोहोंच्या सांध्याच्या आसपास तांबे बसलेले आहे. खनिज पितळेसारखे पिवळे चमकते. आपल्या वैद्यांच्या रसशास्त्रातले सुवर्णमाक्षिक ते हेच. त्यात तांबे, लोह आणि गंधक असून वजनाने तिसरा हिस्सा तांबे असते. पण ते दगडात इतके विरळ पसरलेले असते की शंभर किलो दगड फोडावा तेव्हा एक किलोच्या आसपास तांबे हाती लागते.

आता प्रश्न असा की, समुद्राच्या गाळात तांबे आले कोठून?

याचे उत्तर देण्यासाठी मी तुम्हाला प्रयोगशाळेत नेणार नाही. आपल्या मोरीत नेतो. काळवंडलेला तांब्या आपल्या आया-बहिणी कशाने घासतात? चिंच आणि मीठ. मीठ आणि आंबट पाणी यांची जोडी तांब्यावरचा गंज विरघळवून घेऊन जाते. निसर्गातही तेच घडते. जमिनीखालच्या खारट, गरम पाण्याने तांबड्या वाळूच्या थरांतून वाट काढली की वाळूत कणाकणाने असलेले तांबे ते उचलून घेते. आता दुसरी गोष्ट आठवा. उन्हाळ्यात एखाद्या डोहाच्या तळाचा काळा चिखल काठीने ढवळला की कुजक्या अंड्याचा वास येतो. तो गंधकाचा. तांबे घेऊन निघालेले खारे पाणी अशा काळ्या, कुजलेल्या, गंधकाने भरलेल्या चिखलाला भेटले की तांबे गंधकाला चिकटते आणि तेथेच खाली बसते. तांबड्या थरातून निघायचे आणि काळ्या थरात बसायचे! गाळाच्या खडकांतले जगातले पुष्कळसे तांबे या एवढ्या युक्तीने साठलेले आहे.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण जर्मनीत मान्सफेल्ड येथे सापडते. तेथे तांब्याचा काळा थर आहे तो जेमतेम हातभर जाडीचा, पण मैलोगणती पसरलेला. आणि त्यात पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचे मासे खवल्यांसकट चपटे होऊन पडले आहेत. थर हातभर, म्हणून माणसालाही हातभर उंचीतच शिरावे लागे. खाणकामगार कुशीवर पडून, मान वाकडी करून दिवसभर दगड फोडीत. त्यामुळे लोक त्यांना ‘वाकड्या मानेचे’ म्हणत, आणि फोडलेला माल ओढून बाहेर काढायला लहान मुले लावीत. इ. स. १२०० च्या सुमारास सुरू झालेले हे काम १९९० साली थांबले. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचे वडील याच गावी तांब्याच्या भट्ट्या चालवीत होते. मुलाला शिकवण्याइतका पैसा त्या काळ्या थरातून आला.

मान्सफेल्डचा थर पूर्वेकडे पोलंडात गेला असला पाहिजे, असा तर्क होता. पण तेथे वर शेकडो मीटर माती आणि दगड. यान विझिकोव्स्की या भूशास्त्रज्ञाने हट्ट धरला की, हा समुद्राचा गाळ आहे, तो असा तुटून संपणार नाही, खाली खोल सापडलाच पाहिजे. १९५७ साली त्याच्या छिद्रयंत्राला सहाशे मीटरांच्या खाली तो काळा थर लागला. युरोपातल्या सर्वांत मोठ्या ताम्रक्षेत्रांपैकी एक त्यातून उभे राहिले. तांबे गाळाबरोबर आले की मागाहून भेगांतून घुसले, हा वाद पंडितांचा वाटतो खरा. पण छिद्र कोठे पाडायचे हे त्याच्या उत्तरावर ठरते, आणि एकेका छिद्राला लागणारा पैसा ऐकाल तर तुम्हीही त्या वादात उतराल.

खेतडीतही हाच वाद झाला. हेरन यांनी राजपुतान्याचे डोंगर नकाशावर उतरवले त्या काळी सर्वसाधारण समजूत अशी की, खालून आलेल्या ग्रॅनाइटच्या गरम द्रवांनी हे तांबे आणून भरले. स्वातंत्र्यानंतर आपल्या भूशास्त्रज्ञांनी मोजमाप करून पाहिले, तेव्हा त्यांतल्या काहींना दिसले की खनिज मैलोगणती ठरावीक थरांचीच सोबत करते. भेगांतून आलेले असते तर ते इतके शिस्तीत कसे बसले असते? मग पक्ष फिरला. तांबे गाळाबरोबरचेच, असे म्हणणे पुढे आले. अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत पुन्हा उलट पुरावा निघाला. कित्येक जागी खनिजाच्या शिरा थरांना छेदून जातात. त्यांच्या सोबतीला लोहाची खनिजे आहेत, खडकात सोडियम मुरलेले आहे, आणि गारेच्या स्फटिकांत अडकलेले सूक्ष्म थेंब तपासले तर ते समुद्राच्या पाण्याहून कितीतरी खारट निघाले. चिंच नव्हे, पण मीठ पुन्हा हजर! माझे स्वतःचे मत विचाराल तर समुद्राने घर बांधले आणि बिऱ्हाड पुष्कळ उशिरा आले. त्याने सामान मात्र जुन्या घराच्या खोल्यांप्रमाणेच लावले. हे मत उद्या बदलावे लागले तर मला वाईट वाटणार नाही.

तेथल्या जुन्या खाणकऱ्यांना असला वाद माहीत नव्हता. त्यांना हिरवा-निळा डाग दिसे, आणि त्यामागे ते शिरत. नीम का थानाजवळ गणेश्वर येथे १९७७ पासून झालेल्या उत्खननात बाणांची पाती, गळ, कुऱ्हाडी अशा तांब्याच्या हजारभर वस्तू मिळाल्या. त्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आसपासच्या. अबुल फजलाने ऐन-ए-अकबरीत सिंघाण्याच्या खाणी नोंदवल्या आहेत. गावाबाहेर काळ्या मळीचे, म्हणजे भट्टीतून निघालेल्या काचेसारख्या टाकाऊ मालाचे ढीग पसरलेले आहेत. एकोणिसाव्या शतकातले वर्णन असे की, खनिज कुटून शेणात मळून त्याचे गोळे करीत, ते भाजीत आणि मग लोणारी कोळशाच्या लहान भट्टीत गाळीत. खाणीतल्या पाण्यापासून मोरचूद काढीत. जवळच्या बबई गावी ‘सेहता’ नावाचे खनिज निघे. जयपूरचे मीनाकार दागिन्यांवरचा निळा रंग त्यापासून करीत. इतके सगळे बारीक शहाणपण होते! बोटीने आलेल्या स्वस्त विलायती तांब्यापुढे ते टिकले नाही. भट्ट्या विझल्या, आणि नाशकासारख्या गावांचे तांबट विलायती पत्र्यावर ठोके देऊ लागले.

नव्या भारताला ही गोष्ट बोचली. १९५४ पासून खेतडीत सरकारी शोधकाम सुरू झाले. १९६७ साली हिंदुस्तान कॉपर ही कंपनी स्थापन होऊन खाणी तिच्याकडे गेल्या, आणि १९७४ च्या सुमारास भट्टी पेटली. वाळवंटाच्या कडेला शाळा, दवाखाना, चित्रपटगृह असलेले खेतडीनगर वसले. ही भट्टी २००८ साली बंद झाली. आज तेथे खनिज निघते, पण तांबे गाळले जात नाही. मी गेलो तेव्हा वसाहतीत पुष्कळ दारांना कुलपे होती. एका दुकानदाराने मला विचारले, ‘साहेब, चिमणीतून पुन्हा धूर कधी निघेल?’ धुराची वाट पाहणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. २०१८ साली तुतिकोरिनची मोठी भट्टीही बंद झाली. त्या धुराविरुद्ध निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन तेरा माणसे मेली होती. एके ठिकाणी धूर हवा, दुसरीकडे नको, आणि दोघेही खरे बोलत होते. त्यानंतर आपला देश शुद्ध तांबे विकणारा न राहता विकत घेणारा झाला.

आणि खालचे काम अजूनही सोपे नाही. १४ मे २०२४ च्या रात्री कोलिहान खाणीत माणसे वाहणाऱ्या पिंजऱ्याचा दोर तुटला. पंधरा जण सुमारे अठराशे फूट खाली अडकले. रात्रभर प्रयत्न चालले. चौदा जण वर आले, एक आले नाहीत.

मघाच्या तांबटकाकांचे अर्धे वाक्य बाकी आहे : ‘मोड गिऱ्हाइकाची.’ फुटका हंडा, गळका बंब वितळवून त्यांनी केलेल्या घागरीत कोणते तांबे असेल? खेतडीचे, विलायतेचे, की आणखी कोठले? गेल्या शंभर वर्षांतले सगळे एकत्र मिसळले असेल. म्हणूनच जोर्व्याच्या कुऱ्हाडींचे गाव सांगताना मी मघाशी हात आखडता घेतला.

मी दोन दगड बरोबर आणले आहेत. एक खेतडीच्या खनिजाचा. त्यावर पिवळी चमक दिसेल. दुसरा सिंघाण्याच्या ढिगातला मळीचा तुकडा. तो काळा, काचेसारखा आहे आणि त्यात एका जागी हिरवा ठिपका आहे. ते त्या भट्टीवाल्याच्या हातून निसटलेले तांबे. दोन्ही येथे टेबलावर ठेवतो. जाताना पाहून जा. मळीच्या कडा धारदार आहेत, मुलांचे हात सांभाळा.