कच्चं मडकं
(शतकपूर्ती सोहळ्यात मुक्कामी झालेले निरूपण)



जमलेल्या माउली हो, आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. ऊन, पाऊस, चिखल, सगळं सोसलं. पण पावसानं दिंडी मोडत नसते. मोडते ती रुसव्यानं. म्हणून आज दोन शब्द प्रसन्न स्वभावावर.

आपल्या हिंगोली जिल्ह्याचं भाग्य असं, की नामदेवरायांची नर्सी इथंच आणि त्यांच्या गुरुभेटीचं औंढा नागनाथही इथंच. त्यांची तेरची कथा तुम्हाला ठाऊक आहे. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी बसली होती. मुक्ताई म्हणाली, काका, यातली मडकी पक्की किती, कच्ची किती, बघा. काकांनी थापटणं घेतलं नि एकेकाच्या डोक्यावर मारत चालले. बाकीचे शांत बसले. नामदेवरायांना राग आला. काका म्हणाले, एवढं मडकं कच्चं!

आता विचार करा. नामदेवराय भक्तीत कमी होते का? देव त्यांच्या हातचा नैवेद्य जेवलेला! तरी एका टोल्यानं मन बिघडलं. म्हणजे टाळ वाजवणं वेगळं आणि टोला बसल्यावर प्रसन्न राहणं वेगळं. पण त्यांची थोरवी पुढं आहे. ते रुसून बसले नाहीत. विसोबा खेचरांकडे गेले, वाकले, शिकले. हेच नामदेवराय पुढं पंजाबात घुमानपर्यंत पोचले. परमुलखानं त्यांना आपलं मानलं. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. मडकं कच्चं राहिलं असतं, तर एवढं पाणी टिकलं असतं का?

आणि एक ध्यानात ठेवा. प्रसन्न स्वभाव म्हणजे हांजी हांजी नव्हे. गोरोबाकाका खरं तेच बोलले, तोंडावर बोलले. पण त्यात विष नव्हतं.

माझंच सांगतो. बांधावरून माझं नि थोरल्या दादाचं बिनसलं. दोघंही याच दिंडीत. नऊ वर्षं एका पंगतीत जेवलो. अनोळखी वारकऱ्याच्या मी माउली म्हणून पाया पडायचो, आणि दादा समोर आला की मान फिरवायचो. एका मुक्कामी त्यानं न बोलता पाण्याचा तांब्या पुढं केला. मी घेतला नाही. पुढच्या वारीला दादा नव्हता. बांध अजून तिथंच आहे, वीतभर इकडं न तिकडं. तो तांब्या मात्र रोज आठवतो.

माउली हो, कपाळाला बुक्का लावायला क्षण लागतो. आठी काढायला मला नऊ वर्षं पुरली नाहीत. तुम्ही माझ्यासारखं करू नका. आज पंगत बसेल, तेव्हा ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या शेजारी बसा. काही बोलायचं सुचलं नाही, तर नुसता तांब्या पुढं करा. आणि कुणी पुढं केला, तर घ्या.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!