काळ्या दगडात हिऱ्याचे बिट



देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की जुन्या दगडात नव्या सळया बसवण्याचा प्रसंग येतोच. दुभंगलेली तुळई किंवा ओवरीचा सुटलेला चिरा सांधायचा, तर भोक पाडावे लागते. पूर्वी पाथरवट छिन्नी-हातोड्याने दिवसभर खपून हे काम करी. आता कोअर मशीन ते थोड्या वेळात उरकते. परंतु दगडात चुकलेले भोक पूर्ववत होत नाही आणि यंत्रात गेलेला हातही परत येत नाही. म्हणून या यंत्राचा स्वभाव कारागिराप्रमाणे समितीच्या सभासदांनीही जाणून घ्यावा.

कल्पना फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये तांब्याच्या नळीखाली वाळू घालून ग्रॅनाइटला भोके पाडीत. १८६३ साली रोडोल्फ लेशो यांना हिरे जडवलेल्या ड्रिलचे अमेरिकन पेटंट मिळाले. १९५४ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला, आणि पुढे असे हिरे हत्यारांत सर्रास वापरात आले. बिट म्हणजे पोकळ नळी. तिच्या तोंडावरील धातूत हिऱ्याचे बारीक कण असतात. ते फक्त कडेचा दगड झिजवतात आणि मधला गाभा अखंड बाहेर येतो.

मुख्य गोष्ट ही, की हिरा दगड फोडत नाही, झिजवतो. म्हणून यंत्राचा ठोक्याचा खटका बंदच हवा. ठोक्याने हिरे निखळतात आणि जुन्या चिऱ्याला तडा जातो. अंगाचा भार टाकूनही काम लवकर होत नाही, बिट तापते. हवेत सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे हिराच जळू लागतो. म्हणून पाण्याची धार अखंड हवी. पाणी बिट थंड ठेवते, दगडाची रबडी बाहेर काढते आणि धूळ दाबते. ग्रॅनाइट किंवा वालुकाश्माच्या धुळीतील सिलिका फुप्फुसात साचून सिलिकोसिस जडतो, आणि तो बरा होत नाही.

बिट निवडताना उलटा वाटणारा एक नियम आहे. आपल्या घट्ट काळ्या दगडाला मऊ धातूचे बिट लागते, खरखरीत वालुकाश्माला कठीण धातूचे. काळ्या दगडावर धातू लवकर झिजला नाही तर बोथट हिरेच वर राहतात व बिट नुसते घसरते. अशा वेळी जोर न लावता ते खरखरीत विटेवर थोडे चालवावे. नवे हिरे उघडे पडतात. बिट जितके मोठे तितके फेरे कमी: २५ मि.मी.च्या बिटाला मिनिटाला १२०० फेरे असतील, तर कडेचा वेग तोच ठेवण्यास १०० मि.मी.ला ३०० पुरतात.

सुरुवातीला भोक पाडलेली लाकडी फळी दगडावर घट्ट धरावी, म्हणजे बिट सरकत नाही. अधूनमधून बिट मागे घेऊन रबडी धुवावी. आरपार जाताना दाब कमी करावा, मागून लाकडाचा आधार द्यावा आणि पलीकडे कोणालाही उभे राहू देऊ नये. गाभा खाली पडू शकतो. मोठे बिट हाती न धरता स्टँडवर बसवावे, कारण अडकलेले यंत्र मनगट पिरगाळते. उपरणे, सैल बाही, गळ्यातील माळ दूर ठेवावी. डोळ्यांना चष्मा हवाच. पाणी व वीज एकत्र असल्याने अर्थिंग तपासावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावावा. अडकलेला गाभा काढण्याआधी प्लग उपसावा. वाळण्यापूर्वी रबडी स्वच्छ पाण्याने धुवावी, नाहीतर कोरीव कामावर डाग राहतो.

सळई साध्या लोखंडाची नको. गंजलेले लोखंड फुगते आणि आतून दगड फोडते. स्टेनलेस स्टील वापरावे. कोरीव दगडाला शक्यतो भोक पाडूच नये. देऊळ संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय यंत्र आत नेऊ नये.

पूर्वजांनी घडवलेला दगड शतके टिकला. त्याला हात लावणाऱ्याने घाई घरी ठेवून यावे. पाणी चालू, दाब बेताचा आणि लक्ष कामावर, एवढे सांभाळले तर दगडही शाबूत राहतो आणि कारागीरही संध्याकाळी धडधाकट घरी जातो.