सावकाशीचे दुखणे आणि सोबत

(कात्रप येथे झालेले भाषण)



आम्हाला इथे बोलायला उभे केले आहे. आम्ही काही वक्ते नाही. आम्ही तिघे आहोत. एक इथले किराणा दुकानदार. एक बाई, घरोघरी पोळ्या करतात. तिसरे अंबरनाथच्या ऑर्डनन्स कारखान्यातून निवृत्त झालेले. उभा एकच आहे, पण बोलणे तिघांचे आहे. म्हणून 'आम्ही' म्हणतो.

आपले कात्रप आता पूर्वीचे राहिले नाही. भाताची खाचरे गेली, इमारती आल्या. वरच्या मजल्यावरच्याला खालच्याचे नाव ठाऊक नसते. पण कुणाच्या दुखण्याची बातमी असली, की ती जिन्यावरून भराभर खाली उतरते. ते आम्ही सोसले आहे. म्हणून ठरवले, आपणच सांगावे.

आम्हा तिघांना कॅन्सर आहे. त्याला लिम्फोमा म्हणतात.

म्हणजे काय? पायात काटा मोडला, जखम चिघळली, की जांघेत अवधाण येते. येते ना? जांघेत, काखेत, मानेत अशा बारीक गाठी सगळ्यांनाच असतात. त्या शरीराच्या चौक्या आहेत. तिथे रक्तातल्या पांढऱ्या पेशी पहारा करतात. रोगजंतू आले की झुंजतात, तेव्हा गाठ सुजते. काम झाले की सूज उतरते. लिम्फोमात त्या पहारेकऱ्यांपैकीच एखादा बिघडतो. त्याची पिलावळ वाढत जाते.

याच्या पुष्कळ जाती आहेत. काही घोड्यावर बसून येतात. त्यांना लगेच औषध लागते, आणि त्यातले बरेच जण पूर्ण बरेही होतात. काही जाती मात्र सावकाश वाढतात. भिंतीच्या फटीत पिंपळाचे रोप येते, तशा. त्या बहुधा मुळासकट जात नाहीत. पण लक्ष ठेवले, वेळेवर छाटले, तर भिंत वर्षानुवर्षे उभी राहते. आमचे तिघांचे दुखणे या सावकाशीचे आहे.

दुकानदारांचे तर अगदी विरळा. परदेशात मोजले, तर दहा लाख माणसांत वर्षाला तीन-चार जणांना होते. आपल्याकडे त्याहूनही कमी आढळते. त्याचे नाव वाल्डेनस्ट्रॉम. यान वाल्डेनस्ट्रॉम नावाच्या स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९४४ साली ते प्रथम सांगितले, म्हणून त्यांचे नाव पडले. हे नाव आमच्या तोंडात आठ दिवस बसेना. त्यात बिघडलेल्या पेशी हाडांच्या मगजात वाढतात आणि एक प्रकारचे प्रथिन भरमसाट करतात. त्याने रक्त दाट होते. पातळ पेज आटून आटून घट्ट व्हावी, तसे.

दुकानदारांना आधी नुसता थकवा यायचा. तांदळाचे पोते उचलवेना. मग नाकातून रक्त येऊ लागले. घरचे म्हणाले, उष्णता आहे. सब्जाचे पाणी प्याले. हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा दात तपासले. मग एक दिवस वजनकाट्यावरचे आकडे धूसर दिसू लागले. चष्म्याचा नंबर बदलून घेतला. शेवटी कुणीतरी रक्त तपासले. कमरेच्या हाडातून मगज काढून तपासला. मग नाव कळले. रक्त फार दाट झाले होते. ते यंत्रातून फिरवून त्यातले दाट पाणी काढावे लागले, आणि मग औषध सुरू झाले. आज ते पुन्हा दुकानात बसतात. पोते मात्र मुलगा उचलतो.

बाईंचे निराळे. मानेला गाठ आली. दुखत नव्हती. शेजारणी म्हणाल्या, गंडमाळ असेल. खरे म्हणजे आपल्याकडे मानेच्या गाठी क्षयामुळेही पुष्कळ होतात, आणि साध्या तर कितीतरी असतात. म्हणून गाठ दिसली की घाबरू नये. पण तीन-चार आठवडे बसली नाही, किंवा ताप राहिला, रात्री घामाने अंथरूण भिजले, वजन उतरले, तर डॉक्टरांना दाखवावी. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय काहीच कळत नाही. बाईंची तपासली, तेव्हा सावकाशीचा लिम्फोमा निघाला.

आता गंमत ऐका. डॉक्टर म्हणाले, "आज औषध नको. तीन महिन्यांनी या."

घरी सगळ्यांची तोंडे उतरली. औषध नाही, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असाच अर्थ लावला. दिरांनी त्यांना एका वैदूकडे नेले. त्याने पुड्या दिल्या, अकरा हजार रुपये घेतले. पोट बिघडले, ते महिनाभर. गाठ होती तेवढीच राहिली. अकरा हजार म्हणजे किती घरच्या किती पोळ्या, हा हिशेब बाई अजून करतात.

डॉक्टरांनी हात टेकले नव्हते. सावकाशीच्या दुखण्यात त्रास नसताना लवकर औषध दिले, म्हणून माणूस जास्त जगतो, असे दिसलेले नाही. औषधाचा त्रास मात्र आधीपासून सोसावा लागतो. म्हणून नजर ठेवायची आणि वेळ आली की औषध द्यायचे. डोक्याला हे पटते. पण रात्री हात आपोआप मानेकडे जातो. वाढली का? तपासणीची तारीख जवळ आली, की अन्न गोड लागत नाही. घरचे म्हणतात, "तुम्ही तर चांगल्या दिसता!" चांगल्या दिसणाऱ्या माणसाने रडायचे कुठे?

त्यात लोक. हा आजार शिवल्याने होत नाही. जेवल्याने, एका भांड्यातले पाणी प्याल्याने होत नाही. तरी एका घराने बाईंचे पोळ्यांचे काम बंद केले. दुसऱ्या घरी चहाचा कप वेगळा झाला. दुकानदारांनी तर मुलीचे लग्न व्हायचे म्हणून दोन वर्षे कुणाला कळू दिले नाही. पहाटेच्या गाडीने जायचे, विचारले तर सांगायचे, माल आणायला चाललो.

लपवणारे आम्हीच एकटे, असे समजू नका. जॉर्ज पोम्पिदू फ्रान्स देशाचे अध्यक्ष होते. त्यांना हेच वाल्डेनस्ट्रॉम झाले होते. देशाला सांगितले नाही. तोंड सुजलेले लोकांना दिसत होते, पण नाव कुणी घेत नव्हते. २ एप्रिल १९७४ रोजी ते अध्यक्षपदावर असतानाच वारले. एवढ्या मोठ्या माणसाने लपवले, तर आपल्या दुकानदारांना कोण नावे ठेवणार? पण लपवण्यात शक्ती फार जाते, एवढे आम्ही स्वतःवरून सांगतो.

मग आमची सोबत कशी जमली? गाडीत. कारखान्यातल्या आमच्या काकांनी बाईंच्या पिशवीत टाटा रुग्णालयाची फाईल पाहिली. स्वतःची फाईल पुढे केली आणि म्हणाले, "ताई, परळलाच ना?" बदलापूर ते परळ, सव्वा-दीड तासाची वाट. कल्याण येईपर्यंत दोघांनी एकमेकांची सगळी दुखणी ऐकली होती. अपंगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णालाही बसता येते, हे बाईंना त्या दिवशीच कळले. वर्षभर त्या उभ्याने जात होत्या. दुकानदार पुढे त्याच डब्यात भेटले. आधी ते 'माल आणायला' चालले होते. दादर आल्यावर खरे बोलले.

टाटा रुग्णालयाचीही एक गोष्ट आहे. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्याच कॅन्सरने गेल्या. पुढच्या वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या न्यासाने हे रुग्णालय उभारले. २८ फेब्रुवारी १९४१ ला ते सुरू झाले. आमच्यासारख्यांना तिथे पैशाची अडचण आली, तर समाजसेवकांची खिडकी आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे तिथेच विचारावे. रेशनकार्ड बरोबर न्यावे. आम्ही पहिल्या वेळी नेले नव्हते, एक खेप फुकट गेली.

तिथल्याच बाकावर दुकानदारांना एक म्हातारे भेटले. वर्धेकडचे शेतकरी. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरले होते. दुकानदारांच्या कागदावरचे नाव त्यांनी बोट ठेवून अक्षर अक्षर वाचले आणि एकदम म्हणाले, "अरे, तुम्हालेबी हेच हाय काय? मले सहा वर्सं झाली राजा. अजून कापूस वेचतो मी!"

दुकानदार त्या रात्री शांत झोपले. कितीतरी महिन्यांनी. डॉक्टरांनीही त्यांना हेच सांगितले होते, की पुष्कळ वर्षे जगाल. पण डॉक्टरांना हा आजार नाही. म्हाताऱ्यांना होता, आणि त्यांच्या बोटांना कापसाचे ओरखडे होते.

हे जगभर असेच घडलेले दिसते. १९९४ साली अमेरिकेत आर्नल्ड स्मोक्लर नावाच्या वाल्डेनस्ट्रॉमच्या रुग्णाने आपल्यासारख्या मोजक्या जणांना गोळा केले. त्याची पुढे मोठी संस्था झाली. त्याच साली आपल्या मुंबईत, कॅन्सरमधून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी व्ही केअर नावाची संस्था काढली. बरे झालेल्यांनी आजाऱ्याशेजारी बसावे, हेच तिचे काम.

आमच्या हातून चूकही झाली, तीही सांगतो. दुकानदारांच्या गोळीने गुण आला, हे पाहून काकांना वाटले, आपणही तीच घ्यावी. दोन गोळ्या मागून खिशात ठेवल्या. नशीब, घेण्याआधी डॉक्टरांना दाखवल्या. डॉक्टर रागावले. काकांचा लिम्फोमा वेगळा, हृदय नाजूक, आणि त्या गोळीने ठोके बिघडू शकतात. तेव्हापासून आमच्यात बोलणे वाटतात, चटणी-भाकरी वाटतात, गोळी वाटत नाहीत. आणि बाबाबुवाची पुडी कुणी आणली, तर बाई ती नाल्यात टाकतात.

एकाची तपासणी असली की दुसरा बरोबर जातो. आत डॉक्टर काय म्हणाले, ते घाबरलेल्याच्या लक्षात राहत नाही, सोबतीच्या राहते. बाईंना लिहिता येऊ लागल्यापासून तारखा आणि रक्ताचे आकडे त्या वहीत लिहितात. तिघांचेही. काम बंद केलेल्या घरातून त्यांना अजून बोलावणे नाही. दुसऱ्या दोन घरांनी बोलावले आहे. दुकानदारांच्या मुलीचे लग्न झाले. जावयाला आधीच सांगितले होते. तो म्हणाला, "बाबा, पुढच्या तारखेला मी येतो." गाठ मात्र बाईंची गेल्या खेपेपेक्षा थोडी मोठी आहे. कदाचित या वर्षी औषध सुरू होईल. भीती वाटते. पण पहिल्यासारखी एकटीची वाटत नाही, असे त्या म्हणतात.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असे दुखणे असेल, तर आत्ता चारचौघांत हात वर करू नका. आम्ही रविवारी सकाळी स्टेशनच्या वाटेवर चहाच्या टपरीजवळ असतो. आम्हाला ओळखणे सोपे आहे. बाईंच्या हातात वही असते. चहाचे पैसे दुकानदार देतात.